पन्हाळा-जोतिबाच्या रांगेची पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून फुटून मसाई पठार, पन्हाळा, पावनगड आणि जोतिबा असा पूर्वेकडे उतरत येणारा हा फाटा. उत्तरेला वारणा, दक्षिणेला कासारी. कासारी पुढे प्रयाग चिखलीला पंचगंगेच्या संगमात येते. पंचगंगा नृसिंहवाडीला आणि वारणा हरिपूरला कृष्णेत जाते. म्हणजे माथ्यावर पडलेला पाऊस इकडून जावो की तिकडून, शेवटी कृष्णेतच.

खाली काळा पाषाण आणि डोक्यावर जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड. जांभ्यातून पाणी झिरपतं, मधल्या मातीच्या थराशी अडतं आणि कडेला वाट काढतं. जुलै २०२१ मध्ये पन्हाळगडाचा मुख्य रस्ता खचला, त्यामागे हाच जुना हिशेब.

शिलाहार राजांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळगड बांधला. वेढा आणि पावनखिंड इथे सांगत बसत नाही. १७८२ मध्ये करवीर छत्रपतींची राजधानी इथून कोल्हापूरला गेली, वस्ती मात्र गडावर राहिली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या वंशपरंपरागत शिबंदीच्या, बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. आज गाड्या त्याच बाजूने वर चढतात.

खरा गुंता २०१० नंतरचा. स्मारक संरक्षण कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आली, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. माळावर एकटं देऊळ असेल तर हे सरळ आहे. पन्हाळ्यावर तटबंदीच गावाभोवती फिरते आणि आत अंबरखाना, सज्जाकोठी, अंधारबाव अशा वास्तू घरांच्या शेजारी उभ्या आहेत. एकेका वास्तूभोवती टेप धरत गेलं तर गावात मोकळं काय उरतं? बंदीच्या पट्ट्यात जुन्या घराची डागडुजी करता येते, पण तीही परवानगी घेऊनच. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं बदलायची असतील तर कागद आधी, गवंडी नंतर.

त्यामुळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीची चर्चा सुरू झाली तेव्हा गडावरच्या काही रहिवाशांनी विरोध केला. बाहेरून त्याला गडद्रोह म्हणणं सोपं होतं. मुळात ती विस्थापनाची धास्ती होती, आणि आधीचा अनुभव पाहता अगदीच निराधार नव्हती. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत पन्हाळा यादीत गेला. कोणालाही उठवणार नाही, असं प्रशासन सांगत आलं आहे. १०० मीटरची अट मात्र कायद्यात तशीच आहे.