पंचनाम्यात कॅमेरा कसा आला

'आम्ही खाली सह्या करणार पंच' अशी सुरुवात, मग पंचांचं नाव, वय, धंदा, राहणार, आणि लगेच जागेची चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस विहीर, उत्तरेस पडीक जमीन. घटनास्थळाच्या पंचनाम्याची ही भाषा अनेकांना रटाळ वाटते. मला ती फार हुशारीची वाटते. जागा जशी सापडली तशी कागदावर धरून ठेवायची ही रीत आहे, आणि कॅमेरा हाताशी नसताना कित्येक पिढ्या तिच्यावरच तपास चालला.

'पंचनामा' या शब्दाची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत केलेली नाही. 1898 च्या संहितेत झडतीसाठी त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर ठेवण्याची तरतूद होती, आणि 1973 च्या संहितेतही ती राहिली. म्हणजे पंच म्हटले तरी निदान दोन. शब्द गावपंचायतीतून आला आणि इंग्रजी कायद्याच्या अंगावर असा बसला की आज पोलीस, वकील, न्यायाधीश सगळे तोच वापरतात.

शब्दांची मर्यादा मात्र लवकर उघडी पडते. 'प्रेताजवळ रक्ताचा डाग आहे' असं लिहिलं, पण जवळ म्हणजे किती? डाग साचलेला की उडालेला, दाराकडे की भिंतीकडे? खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात, पंच विसरतो किंवा फितूर होतो. मग हातात उरतं ते तेवढं एक वाक्य.

फोटोची गरज युरोपात याच अडचणीतून पुढे आली. लंडनमध्ये 1888 साली व्हाइटचॅपल भागात 'जॅक द रिपर' नावानं ओळखल्या जाणाऱ्या अज्ञात खुन्यानं केलेल्या बायकांच्या खुनांमध्ये बहुतेक बळींचे फोटो शवागारात काढले गेले, म्हणजे प्रेत जागेवरून हलवल्यावर. 9 नोव्हेंबरला मेरी केलीचा खून उघडकीस आला तेव्हा मात्र मिलर्स कोर्टमधल्या तिच्या खोलीतच कॅमेरा नेला गेला. पलंग, शेजारचं टेबल, प्रेताची स्थिती हे सगळं जागच्या जागी टिपलं गेलं. घटनास्थळावरच काढलेल्या सुरुवातीच्या फोटोंमध्ये तो गणला जातो.

पण नुसता फोटो मोजमाप देत नाही. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. पॅरिस पोलिसांतल्या आल्फोंस बर्तियोंनं इथं खरं काम केलं. 1879 मध्ये तो तिथं साधा कारकून म्हणून लागला होता. गुन्हेगारांची शरीरमापं घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत त्यानं बसवली आणि मापाचा तोच ध्यास घटनास्थळावर नेला. उंच ट्रायपॉडवर कॅमेरा चढवून भिंग थेट खाली जमिनीकडे वळवायचं, प्रेत आणि आजूबाजूची फरशी वरून टिपायची. छापलेला फोटो कडेला मापाच्या खुणा असलेल्या कार्डावर चिकटवायचा, म्हणजे अंतरं पुढे कधीही काढता येतात. 1902 मध्ये पॅरिसच्या एका दंतवैद्याच्या घरी नोकराचा खून झाला. फुटलेल्या काचेवरच्या बोटांच्या ठशांचे बर्तियोंनं फोटो घेतले आणि नोंदीतल्या कार्डांशी ते ताडून खुनी शोधला.

ऑस्ट्रियात हान्स ग्रोस या तपास न्यायाधीशानं 1893 मध्ये तपासाचा मोठा ग्रंथ लिहिला. वस्तूचं वर्णन टिपून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा त्याचा आग्रह. या ग्रंथाचं इंग्रजी रूप 1906 मध्ये निघालं ते मद्रासहून. तिथल्याच सरकारी वकिलांनी ते सिद्ध केलं होतं. चतुःसीमा लिहिणाऱ्या आपल्या मुलखाला ही शिस्त परकी वाटायचं कारण नव्हतं.

आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी बराच काळ पोलिसांचा निरोप जायचा तो बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत. लग्नाचे फोटो काढणारा माणूस त्याच कॅमेऱ्यानं प्रेताचे फोटो काढायचा आणि पुढे निगेटिव्ह घेऊन साक्षीला उभा राहायचा. या माणसांनी तपासासाठी किती केलं याची कुणी नीट दखल घेतलेली नाही, ही खंत मला आहे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, की आधी लांबून पूर्ण जागा, मग मधल्या अंतरावरून वस्तूंचा एकमेकींशी संबंध आणि शेवटी जवळून एकेक खूण. जवळचा फोटो दोनदा घ्यायचा, एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टी ठेवून. नाहीतर पट्टीखाली काय झाकलं, असं बचावाचा वकील विचारणारच. पावलाच्या ठशावर उजेड तिरपा पाडायचा, म्हणजे कडा सावलीनं उठून दिसतात.

निगेटिव्ह जाऊन डिजिटल फाइल आली आणि प्रश्न बदलला: ही फाइल मूळचीच कशावरून? त्याचं उत्तर ठरवणारा एक मोठा निकाल जालन्यातून निघालेल्या वादात लागला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत द्यायचं, प्रमाणपत्र लागतंच. वाद निवडणुकीचा होता, पण निकालातलं तत्त्व घटनास्थळाच्या व्हिडिओलाही लागू पडतं.

त्याआधी 2018 मध्ये शफी मोहम्मद खटल्यात याच न्यायालयानं घटनास्थळाचं चित्रीकरण टप्प्याटप्प्यानं सुरू करायला सांगितलं होतं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे, त्यात मुद्देमालाची यादी करणं आणि तिच्यावर पंचांच्या सह्या घेणंही येतं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं, असं कलम 176 सांगतं. ते अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य कायद्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणितानं काढलेला आकडा, हीसुद्धा भरावी लागते. फाइलमध्ये कणभर फेरफार झाला तरी हा आकडा बदलतो.

चित्रीकरणासाठी आता 'ई-साक्ष्य' हे ॲप आहे. पण पंच गेलेले नाहीत. अंमलदार मोबाइल धरून उभा असतो, पंच त्याच चित्रात सह्या करतात, आणि कागदावर आजही पहिली ओळ पूर्वेची.