तळ्यातला एक रुपया किती वह्यांत मोजायचा?

हवामान परिषद संपली की बातम्यांत मोठे आकडे येतात. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी 300 अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं, तेव्हाही अनेकांनी लगेच लोकसंख्येच्या प्रमाणात भारताचा वाटा काढला. हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. हवामान निधीतला पैसा देशाच्या तिजोरीत हप्त्यानं जमा होत नाही. तो ठरावीक गावांतल्या ठरावीक कामाला मिळतो, आणि त्याआधी दिल्लीत एका पत्रावर सही व्हावी लागते.

ग्रीन क्लायमेट फंड हा विकसनशील देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी, त्याचं मुख्यालय दक्षिण कोरियात सोंगदोला आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या प्रस्तावाला देशाचं ना-हरकत पत्र लागतं, ते आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देतं. वॉशिंग्टनच्या जागतिक पर्यावरण सुविधेला, म्हणजे जीईएफला, असंच समर्थन पत्र लागतं आणि क्योटो करारातून आलेल्या अनुकूलन निधीलाही, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांसाठीच्या निधीलाही, लागतं. प्रस्ताव मात्र मंत्रालय पाठवत नाही. मान्यताप्राप्त संस्था पाठवते. नाबार्डला अनुकूलन निधीसाठी 2012 मध्ये आणि ग्रीन क्लायमेट फंडासाठी 2015 मध्ये ही मान्यता मिळाली.

तिन्ही दारांचे नियम वेगळे आहेत. जीईएफ प्रत्येक देशाचा वाटा आधीच ठरवून टाकते, त्यामुळे इथे एका प्रकल्पाला हो म्हणणं म्हणजे दुसऱ्याची रक्कम कमी करणं. अनुकूलन निधीत देशागणिक कमाल मर्यादा आहे. ती सुरुवातीला 1 कोटी डॉलर होती, 2021 मध्ये 2 कोटी झाली. ग्रीन क्लायमेट फंडात असा कोटा नाही, तिथे प्रस्तावाची लढत थेट संचालक मंडळापुढे होते. म्हणून कोणतं काम कोणत्या दाराशी न्यायचं, हे ठरवणं हाच या तीन निधींच्या समन्वयाचा पहिला भाग.

दुसरा भाग जास्त अवघड आहे. निधी साध्या विकासाला पैसे देत नाही, हवामान बदलामुळे जे जादा करावं लागतं त्याला देतो. हे जादा वेगळं कसं काढायचं?

2017 मध्ये मंजूर झालेला ओडिशाचा प्रकल्प घ्या. तळ्यांमधून भूजल पुनर्भरण आणि सौर पंपांवर सूक्ष्म सिंचन, एकूण खर्च सुमारे 16.6 कोटी डॉलर. त्यात ग्रीन क्लायमेट फंडाचा हिस्सा सुमारे 3.4 कोटी, म्हणजे पाचवा. तळी आधीपासून आहेत. त्यातला गाळ हवामान बदलला नसता तरी काढावाच लागला असता. पण आता पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडतो आणि मग लांब उघडीप देतो. तळं काठोकाठ भरतं, जादा पाणी सांडव्यावरून वाहून जातं आणि उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात. तेच जादा पाणी जमिनीखाली पोचवायला रिचार्ज शाफ्ट लागतो. गाळ काढणं हा नेहमीचा खर्च आणि शाफ्ट हा जादा खर्च, अशी रेघ इथे मारता येते.

हा शाफ्ट जवळून बघण्यासारखा असतो. तळ्याच्या चिकणमातीच्या तळातून खालच्या पाणी धरणाऱ्या थरापर्यंत खड्डा नेतात. तळाशी मोठे गोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. शाफ्टचं तोंड तळ्याच्या तळापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे गुरांसाठी आणि धुण्यासाठी खालचं पाणी शिल्लक राहतं आणि वरचंच आत उतरतं. बारीक थर वर ठेवण्याचं कारण असं की गाळ तिथेच अडतो आणि फावड्यानं खरवडता येतो. क्रम उलटा झाला तर गाळ खोल जातो आणि अख्खा शाफ्ट उपसावा लागतो.

खरवडणं टाळलं तर काय होतं? थराचा पाण्याला होणारा अडथळा म्हणजे त्याची जाडी भागिले त्याची पारगम्यता, म्हणजे पाणी आतून जाऊ देण्याची क्षमता. गाळाची पारगम्यता वाळूच्या हजारावा भाग धरली, तर 1 सेंटिमीटर गाळ 10 मीटर वाळूइतका अडथळा करतो. गाळाखाली वाळूचा थर अर्ध्या मीटरचा असेल, तर त्याचा अडथळा 0.5 आणि गाळाचा 10, म्हणजे एकूण 10.5. पाण्याचा दाब तेवढाच असताना पाणी उतरण्याचा वेग एकविसाव्या भागावर येतो. बोटभर गाळानं लाखो रुपयांचं काम बंद पडतं. प्रकल्प संपल्यावर निधी वाळू खरवडायला पैसे देत नाही. ती तरतूद राज्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात आहे का, हे ना-हरकत पत्रावर सही करण्यापूर्वीच विचारायला हवं. माझ्या मते समन्वयाचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच.

शाफ्टची जागाही विद्युत रोधकता चाचणी (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखणं) आणि आसपासच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी पाहून ठरते. हातावर नारळ उभा राहिला म्हणून पाणाड्यानं दाखवलेल्या जागी खणणं म्हणजे कुणाचाही पैसा मातीत घालणं. तसंच, "आंतरराष्ट्रीय हवामान निधीतून थेट शेतकऱ्याला अनुदान, नोंदणी फी भरा" असा निरोप आला तर एक रुपयाही देऊ नका. या तिन्ही निधींत एकट्या माणसाला अर्ज करायची सोयच नाही.

प्रस्तावात निधीच्या पैशाबरोबर राज्याचा स्वतःचा हिस्सा दाखवताना आणखी एक चूक होते. रोजगार हमीतून झालेलं तेच गाळकाम एका प्रस्तावात जीईएफला आणि दुसऱ्यात ग्रीन क्लायमेट फंडाला दाखवलं, तर कागदावर दोन रुपये दिसतात, तळ्यात एकच असतो. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न अगदी जवळचा आहे. सिंधुदुर्गात आधी जीईएफच्या पैशानं सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला. मग 2018 मध्ये आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ग्रीन क्लायमेट फंडानं 4.34 कोटी डॉलर मंजूर केले, एकूण प्रकल्प सुमारे 13 कोटींचा. कांदळवन एकच, पण जीईएफच्या वहीत ते जैवविविधता म्हणून येतं आणि दुसऱ्या वहीत वादळी लाटांपासूनचं संरक्षण म्हणून. दोन्ही खरं आहे. फक्त रोपवाटिकेचं बिल एकाच वहीत लागलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक कामाला गाव, गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांशासह एकच ओळख क्रमांक हवा, आणि तो तिन्ही निधींच्या फायलींत तसाच उतरला पाहिजे.

शिवाय वेळ. ग्रीन क्लायमेट फंडाचा वार्षिक अहवाल जानेवारी ते डिसेंबरचा, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्चचं. या फरकात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला, अडकलं आणि हप्ता जुलैत आला, तर तोवर तळं भरलेलं असतं. शाफ्ट खणायला पाणी ओसरेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या वर्षीचं पावसाचं जादा पाणी सांडव्यावरून निघून गेलेलं असतं.