केशान रोग

ईशान्य चीनमधील हैलुंगच्यांग प्रांताच्या केशान तालुक्यावरून नाव पडलेला हृदयस्नायूंचा आजार. अन्नातून सेलेनियम हे मूलद्रव्य पुरेसे न मिळणे हे त्याचे मूळ कारण. मात्र सेलेनियम कमी असलेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. त्या उणिवेवर विषाणूचा संसर्ग झाला की रोग उफाळतो, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. शरीरातील अँटिऑक्सिडंटांच्या, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या दाहक द्रव्यांना आवर घालणाऱ्या पदार्थांच्या, पातळीवर विषाणूजन्य आजाराची तीव्रता किती अवलंबून असते, हे या रोगाच्या अभ्यासातून जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या आजारातून झाले असेल.

१९३५ च्या हिवाळ्यात केशान भागातील खेड्यांतून अचानक मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. कालपर्यंत शेतात राबणाऱ्या बाईला छातीत दाटून येई, मळमळ सुरू होई, पिवळे पाणी उलटून पडे, हातपाय गार पडत आणि काही वेळा दिवस उलटायच्या आत सारे संपून जाई. कारण सापडेना म्हणून तालुक्याचेच नाव रोगाला मिळाले. शवविच्छेदनात हृदय फुगलेले दिसे आणि त्याच्या स्नायूंत जागोजागी मेलेल्या पेशींचे फिकट ठिपके व जुने व्रण आढळत. तीव्र झटक्यातून वाचलेल्यांपैकी अनेकांचे हृदय कायमचे दुबळे राहत असे.

पुढे लक्षात आले की हा रोग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, हैलुंगच्यांगपासून सिचुआन-युन्नानपर्यंत तिरक्या पसरलेल्या पट्ट्यातच आढळतो. बळी पडत ती मुख्यतः दोन ते दहा वर्षांची मुले आणि बाळंतपणाच्या वयातील स्त्रिया, तीही शेतकरी कुटुंबांतील. त्याच भागात राहणारी, पण बाहेरून आलेले धान्य आणि जरा वैविध्याचे जेवण जेवणारी नोकरदार कुटुंबे सहसा सुटत. हवा एक, पाणी एक, फरक फक्त ताटातला. शेतकऱ्याच्या ताटात त्याच्याच रानातला मका किंवा तांदूळ असे आणि त्या रानाच्या मातीत सेलेनियम जेमतेमच होते. रोगग्रस्त भागात माणसाच्या पोटात दिवसाला सुमारे १० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाई. आजच्या शिफारशी प्रौढांसाठी साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅमच्या घरात आहेत.

सिचुआनमधील मियाननिंग तालुक्यात १९७४ साली मोठी चाचणी झाली. एक ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइट या सेलेनियमयुक्त क्षाराची गोळी द्यायची, लहानांना अर्धा आणि मोठ्यांना एक मिलिग्रॅम, एवढाच उपाय. त्या वर्षी गोळी न मिळालेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना रोग झाला. गोळी मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी फक्त १० जणांना. पुढच्या वर्षी हेच आकडे ५,४४५ पैकी ५२ आणि ६,७६७ पैकी ७ असे आले. इतका उघड फरक दिसल्यावर काही मुलांना गोळीविना ठेवणे शक्यच नव्हते. १९७६ पासून ती सर्वांना देण्यात आली. हे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सेलेनियम शरीरात करते काय, हे तोवर नुकतेच उलगडले होते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा) ते अविभाज्य भाग आहे, हे १९७३ मध्ये दिसून आले. पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक उपउत्पादने तयार होतात आणि हा विकर त्यांना निष्प्रभ करतो. विषाणूचा संसर्ग झाला की अशा द्रव्यांचे उत्पादन एकदम वाढते, कारण प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी शस्त्र म्हणून तीच वापरतात. शस्त्र आवश्यक आहे. पण ते आवरणारे कोणी नसेल तर आपल्याच ऊती भाजून निघतात. जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये इन्फ्लुएन्झा झालेल्या उंदरांना अँटिऑक्सिडंट विकर टोचला, तेव्हा त्यांचे मृत्यू कमी झाले. फुप्फुसाची हानी एकट्या विषाणूमुळे होत नाही, याचा हा सबळ पुरावा होता.

केशान रोगाचे एक कोडे मात्र सेलेनियमने सुटेना. रोग उत्तरेत हिवाळ्यात आणि दक्षिणेत उन्हाळ्यात वाढे, काही वर्षे जोरात येई, काही वर्षे ओसरे. मातीतले सेलेनियम काही ऋतूप्रमाणे बदलत नाही. असा चढउतार साथीच्या आजाराचा असतो, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॉक्सॅकी गटातील विषाणू सापडलेही.

अमेरिकेतील मेलिंडा बेक आणि ऑर्व्हिल लेव्हँडर यांनी १९९० च्या दशकात हा धागा पुढे नेला. कॉक्सॅकी बी-३ विषाणूचा एक निरुपद्रवी वाण त्यांनी घेतला. नीट पोसलेल्या उंदरांच्या हृदयाला तो धक्काही लावत नसे. चार आठवडे सेलेनियमविना अन्न दिलेल्या उंदरांत मात्र त्याने हृदयस्नायूंचा दाह घडवला. इथपर्यंतचे अपेक्षितच म्हणावे लागेल. दुबळ्या शरीराला रोग जड जातो. खरा धक्का पुढच्या पायरीवर बसला. या आजारी उंदरांच्या हृदयातून काढलेला विषाणू नीट पोसलेल्या उंदरांना टोचला, तर तेही आजारी पडले. विषाणूच बदलला होता! १९९५ मध्ये त्याच्या जनुकीय क्रमात सहा ठिकाणी बदल आढळले. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अभावातही तेच घडले, आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही. २००१ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या सौम्य वाणाबाबतही असाच प्रकार दिसला. दाहक द्रव्यांनी विषाणूच्या आरएनएला, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याला, थेट इजा होते, की ढिल्या पडलेल्या प्रतिकारामुळे बदललेल्या विषाणूंना मोकळे रान मिळते, याबद्दल दोन मते आहेत. यातली कोणतीही बाजू खरी ठरो, एका गावातील कुपोषण ही त्या गावापुरती बाब राहत नाही, एवढे या प्रयोगांवरून मानायला हवे. या संशोधनाचा हा भाग आजही फार कमी चर्चिला जातो.

या मांडणीला मर्यादाही आहेत. न्यूझीलंड आणि फिनलंडच्या मातीतही सेलेनियम कमी होते, तरी तिथे केशान रोग झाला नाही. (फिनलंडने १९८४ पासून रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली.) चीनमध्ये गोळ्या न पोचलेल्या भागांतही आहार सुधारला तसा रोग ओसरत गेला. धान्यावरील बुरशीच्या विषाकडे काही अभ्यासकांनी बोट दाखवले आहे.

कोविड-१९ च्या साथीत हा विषय पुन्हा पुढे आला. चीनच्या हूपे प्रांतातील एन्शी हे शहर सेलेनियमने समृद्ध आहे. फेब्रुवारी २०२० मधील आकड्यांनुसार तिथे बरे होणाऱ्यांचे प्रमाण ३६.४ टक्के होते, प्रांतातील इतर शहरांत १३.१ टक्के. जर्मनीतही मृत रुग्णांच्या रक्तात वाचलेल्यांपेक्षा कमी सेलेनियम आढळले. हे आकडे जपून वाचावे लागतात, कारण गंभीर दाहात रक्तातील सेलेनियम आपोआपही घटते. म्हणजे कमी पातळी हे आजाराचे कारणच असेल असे नाही, परिणामही असू शकेल.

त्याच काळात महाराष्ट्रातही औषधांच्या दुकानांत ‘क’ जीवनसत्त्व आणि झिंकच्या गोळ्यांना प्रचंड मागणी होती. अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ कोविड रुग्णांना या दोन्हींचे मोठे डोस देऊन झालेल्या चाचणीत (२०२१) लक्षणे लवकर ओसरल्याचे दिसले नाही. मियाननिंगच्या मुलांशी याची तुलना करताना एक गोष्ट विसरता कामा नये: त्या मुलांच्या शरीरात सेलेनियमचा खडखडाट होता आणि गोळीने तो भरून निघाला. जिथे उणीवच नाही तिथे वरून ओतलेल्या अँटिऑक्सिडंटाकडून तसल्या परिणामाची अपेक्षा करणे चूक आहे, आणि सेलेनियमच्या बाबतीत तर धोक्याचेही. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. वर उल्लेख आलेल्या एन्शी भागातच १९६१ ते १९६४ दरम्यान भाताचे पीक बुडाले. लोकांना सेलेनियमने ठासून भरलेल्या मातीतला मका आणि भाजीपाला खावा लागला. सर्वाधिक झळ बसलेल्या पाच गावांत मिळून २४८ माणसे होती. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे केस आणि नखे गळून पडली.