ओब्रायनला नाव कसं मिळालं

स्टार ट्रेक या अंतराळातल्या अमेरिकन टीव्ही मालिकेची नवी सिरीज आली की आमच्या म्हापशाच्या ग्रुपवर तीच तक्रार सुरू होते, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, मागे बसलेत ते कोण, त्यांना कधी बोलू देणार. तक्रार अगदी खरी आहे, पण तिचं मूळ थेट १९६६ सालात, पहिल्या सिरीजमध्ये आहे.

तेव्हाचा हिशेबच असा की प्रत्येक भाग स्वतंत्र. मधला भाग चुकला तरी प्रेक्षकाचं अडू नये, रिपीटला कुठल्याही क्रमाने लावता यावं, म्हणून भाग संपला की सगळं परत होतं तिथे. मग जे काय घडायचं ते कॅप्टन कर्क, त्याचा साथीदार स्पॉक नाहीतर डॉक्टर मॅकॉयच्याच वाट्याला. संदेशांचं काम बघणारी उहुरा कानात ते यंत्र घालून चॅनेल उघडत बसायची. तिचं काम करणारी निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर सोडून चालली होती, मार्टिन ल्यूथर किंगनी थांबवलं म्हणून थांबली असं ती स्वतः सांगायची. आणि एवढं होऊनही उहुराचं पहिलं नाव पडद्यावर ऐकायला २००९चा सिनेमा यावा लागला! मला याचा अजून राग येतो.

१९८७ला नेक्स्ट जनरेशन आली, तिथेही डेनिस क्रॉसबी धड काम मिळेना म्हणून पहिल्याच सीझनला निघाली आणि तिच्या टाशा यार या पात्राला मारून टाकलं. पण त्याच सिरीजच्या पहिल्या भागात कॉम मीनी हा नट एका बिननावाच्या रोलमध्ये दिसतो. दुसऱ्या सीझनला त्याच्या पात्राला ओब्रायन हे आडनाव मिळालं, १९९०ला माइल्स हे नाव, मग लग्न, मुलगी, आणि १९९३ला डीप स्पेस नाइन या पुढच्या सिरीजमध्ये थेट मुख्य पात्रांत.

खरा फरक पडला तो तिथेच. ते जहाज नाही, स्टेशन, एका जागी उभं, त्यामुळे बारवाला तोच, शिंपी तोच, शाळेतली पोरं तीच. आमच्या जत्रेतल्या नाटकात नोकराचं काम करणाराही आपल्याच वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला असतो म्हणून त्याच्या दोन वाक्यांनाही लोक कान देतात, तसंच झालं ते. नॉग बघा ना, सुरुवातीला चोऱ्यामाऱ्या करणारं पोर, पुढे स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलात गेला, लढाईत पाय गमावला. नवा पाय बसवला, डॉक्टर म्हणतात ठीक आहे, तरी हा काठी धरून चालतो आणि होलोस्वीटमधल्या, म्हणजे आभासी जग उभं करणाऱ्या खोलीतल्या, त्या जुन्या काळच्या आभासी गायकाकडे जाऊन राहतो, बाहेर यायलाच तयार नाही. अख्खा भाग या दोन दुय्यम पात्रांचा, कॅप्टन जवळजवळ नाहीच, तरी मला आख्ख्या सिरीजमध्ये तोच सगळ्यात जवळचा.

त्याच काळात व्हॉयेजर या सिरीजमध्ये हॅरी किम सात सीझन एन्साइनचा, म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याचा, एन्साइनच राहिला, प्रमोशन नाही की काही नाही.

आता गोष्ट सलग चालते, पण सीझन दहा-पंधरा भागांचे झालेत. पूर्वी वर्षाला सव्वीस भाग असायचे, त्यात एखादा आरामात मागच्या माणसाला देता यायचा, आता ती जागाच उरली नाही. डिस्कव्हरी या नव्या सिरीजमधली एरिअम दीड सीझन ब्रिजवर नुसती बसून होती. तिचा नवरा अपघातात गेला, ती आपल्या आठवणी निवडून जपून ठेवते, हे आपल्याला २०१९च्या ज्या भागात कळतं त्याच भागात ती मरते.