चेहऱ्यावरच्या लाल शिरा आणि लेझर : पार्श्वभूमी

नाकपुड्यांच्या कडेला आणि गालांवर दिसणाऱ्या बारीक लाल रेषा म्हणजे कायमच्या रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. एकदा भिंत सैलावली की त्या आपणहून आकसत नाहीत, आणि क्रीम लावून त्या जागच्या हलत नाहीत. लेझर येण्यापूर्वी मुख्य उपाय होता : बारीक सुईने विजेचा चटका देऊन एकेक शीर जाळायची. आजही एखाद-दुसऱ्या शिरेसाठी ही पद्धत वापरतात. मात्र रोझेशियात, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याच्या त्वचाविकारात, अख्खा गाल लालसर दिसतो, तिथे सुईचा काही उपयोग नाही.

थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवला तो माणकाचा होता, 694 नॅनोमीटर तरंगलांबीचा, लाल प्रकाशाचा. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो लगोलग त्वचेवर वापरून पाहिला आणि 1963 पासून निरीक्षणे प्रसिद्ध केली. पण रक्त लाल दिसते ते लाल प्रकाश फारसा शोषत नाही म्हणूनच. त्यामुळे शिरांसाठी माणिक हा मुळातच गैरसोयीचा पर्याय होता.

सत्तरच्या दशकात आर्गॉन लेझर आला. 488 आणि 514 नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातले लाल हिमोग्लोबिन चांगला शोषते. जन्मखुणेच्या जांभळट-लाल डागांवर, म्हणजे पोर्ट-वाइन स्टेनवर, तो बराच वापरला गेला आणि डाग फिकेही होऊ लागले. अडचण पुढे दिसली. हा प्रकाश सलग वाहणारा होता. शिरेत निर्माण झालेली उष्णता तिथेच न थांबता भोवतालच्या ऊतीत झिरपत गेली. वरच्या ओठावर जाड, उंचावलेले व्रण आले, कुठे त्वचा पांढरी पडली. लहान मुलांच्या त्वचेला हा धोका सर्वांत जास्त होता, आणि पोर्ट-वाइन स्टेनचे उपचार लहानपणीच सुरू करणे सोयीचे असते.

हा पेच सुटला तो बॉस्टनमध्ये. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1981 मध्ये डाय लेझरने, म्हणजे रंगाच्या द्रावणातून प्रकाश देणाऱ्या लेझरने, सूक्ष्म रक्तवाहिन्या निवडून इजा करता येते हे दाखवले आणि 1983 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यामागचे तत्त्व मांडले. लक्ष्य, म्हणजे इथे रक्तवाहिनी, प्रकाशाचा जो रंग जास्त शोषते तो निवडायचा, आणि लक्ष्याची उष्णता बाहेर पसरण्याआधी प्रकाश बंद करायचा. दुसरी अट महत्त्वाची. वाहिनी थंड व्हायला लागणारा वेळ तिच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो : 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाहिनीला साधारण 1 मिलिसेकंद, 100 मायक्रॉनला 5, तर 300 मायक्रॉनला 40 च्या आसपास. एकाच चेहऱ्यावर पसरट लाली आणि नाकाजवळची जाड शीर यांना एकच सेटिंग का चालत नाही, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग फ्लॅशलॅम्पने चेतवून मिळणारा पल्स्ड डाय लेझर या विचारातून घडला. सुरुवातीला तो 577 नॅनोमीटरचा, पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झोत, अर्ध्या मिलिसेकंदाहूनही लहान. पुढे तरंगलांबी 585 केली. शोषण थोडे घटले, पण प्रकाश अधिक खोल पोचू लागला. 1989 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मुलांच्या पोर्ट-वाइन स्टेनवरचे निष्कर्ष आले आणि आर्गॉन मागे पडला.

व्रण टळले, तरी इतक्या लहान पल्समध्ये वाहिनी अक्षरशः फुटते. रक्त बाहेर पडून काळपट-जांभळा डाग उमटतो आणि तो 7 ते 14 दिवस टिकतो. जन्मखुणेसाठी हे सोसवते. गालावरच्या लालीसाठी दोन आठवडे असा चेहरा घेऊन कामावर कोण जाणार? म्हणून 595 नॅनोमीटर आणि 6, 10, 20, अगदी 40 मिलिसेकंदांपर्यंतच्या लांब पल्सची यंत्रे आली. त्यांत वाहिनी फुटण्याऐवजी हळूहळू तापून आतून गोठते. पण 595 ला शोषण कमी, म्हणजे ऊर्जा जास्त द्यावी लागते, आणि ती वरच्या थरातून जाताना त्वचा भाजू शकते. नव्वदच्या दशकात आलेल्या क्रायोजेनच्या, म्हणजे अतिथंड द्रवाच्या, फवाऱ्याने हा प्रश्न सोडवला : पल्सच्या आधी साधारण 30 मिलिसेकंद फवारा, मग 20 मिलिसेकंद थांबा, मग प्रकाश. वरचा थर थंड, खालची वाहिनी गरम. आमच्या मते लेझरच्या शोधानंतरची सर्वांत व्यवहारोपयोगी सुधारणा हीच.

त्याच दशकात इस्रायलमधून आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) आले. ते लेझर नव्हे. फिल्टर लावलेला रुंद पट्ट्याचा प्रकाश आहे. मोठा भाग झटपट होतो, डाग फारसा पडत नाही; पण दाढीच्या भागात फिरवले तर केस विरळ होऊ शकतात, हे पुरुषांना आधी सांगायला हवे. 532 नॅनोमीटरचा केटीपी लेझर वरवरच्या बारीक लाल शिरांना चांगला, पण त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही तो जोरात शोषते. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल, निळसर, जाड शिरांसाठी असतो. याच्या योग्य आणि धोकादायक मात्रेतले अंतर फार कमी आहे : नाकपुडीच्या घडीत एकाच जागी एकामागून एक पल्स मारले की खळगा पडतो, आणि तो भरून येत नाही.

पल्स्ड डाय लेझरने लालीसाठी साधारणपणे 7 किंवा 10 मिलिमीटरचा स्पॉट (एका पल्समध्ये प्रकाश पडतो तो गोल), 6 ते 10 मिलिसेकंद पल्स आणि प्रतिचौरस सेंटिमीटर 6 ते 10 ज्यूल वापरतात. आधी कानासमोर चाचणी, मग पूर्ण गाल, सुमारे 10 टक्के एकमेकांवर येईल असे स्पॉट. डोळ्यांवर धातूचे कवच. पापण्यांजवळ काम असेल तर पापणीच्या आत. शीर नाहीशी होणे किंवा क्षणभर निळसर पडणे ही पुरेशी खूण. त्वचा राखाडी-पांढरी झाली तर भाजली, तिथे लगेच थांबायचे. दोन बैठकांत किमान 4 आठवडे ठेवतात. दोन ते चार बैठका लागतात.

ही सारी मांडणी गोऱ्या त्वचेवर झाली. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन वरच बसलेले असते आणि शिरेसाठीचा प्रकाश वाटेत तेच घेते. परिणामी फोड, आणि मागाहून महिनोन्‌महिने राहणारे काळे डाग. म्हणून इथे मात्रा कमी, पल्स लांब, थंडावा जास्त. ऊन लागून रंग चढला असेल तर तारीख पुढे ढकलावी. मे महिन्यात कोकणातून परतल्यावर लगेच बैठक नको.

आपल्याकडे लालीचे आणखी एक ठळक कारण आहे : गोरेपणासाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडयुक्त क्रीम. महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, शिरा उघड्या पडतात, क्रीम बंद केली की चेहरा भडकतो. 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांत आणली गेली. अशा चेहऱ्यावर क्रीम चालू असताना लेझर मारण्यात अर्थ नाही. आधी ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवायची, भडका शमू द्यायचा, मग उरलेल्या शिरांकडे वळायचे. रोझेशियाचेही तसेच : लेझर दिसणाऱ्या शिरा बंद करतो, चेहरा लाल होण्याची सवय बंद करत नाही, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी एखादी बैठक पुन्हा घ्यावी लागते.