चित्र दिसतं, नाव सुचत नाही

रविवारी रात्री आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर एक फोटो पडतो. कुठल्यातरी चित्रपटातलं थांबवलेलं दृश्य, आणि त्यात माणूस दिसता कामा नये, एवढाच नियम. परवा नुसते दगडच आले. उन्हात तापलेले, एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे. मिनिटभरात मावशीचं उत्तर: "शोले!" ते धोंडे बंगळुरूजवळच्या रामनगरचे. मावशी तिथे कधी गेलेली नाही.

हाच खेळ 2022 मध्ये इंटरनेटवर 'फ्रेम्ड' नावाने चालू झाला. रोज एक चित्रपट, सहा चित्रं. पहिलं मुद्दाम आडवळणाचं. चुकलात की पुढचं, जरा सोपं.

डोळ्यांचं काम यात फार झटपट उरकतं. मानसशास्त्रज्ञ मेरी पॉटर यांच्या चमूने 2014 मध्ये लोकांसमोरून चित्रांची मालिका भर्रकन नेली आणि त्यात अमुक गोष्ट, समजा एखादी सहल, होती का असं विचारलं. प्रत्येक चित्र सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम 13 भाग दिसत होतं, तरी उत्तरं निव्वळ अंदाजापेक्षा बरी आली. चित्रपटाची एक फ्रेम पडद्यावर साधारण 42 भाग असते, म्हणजे हा तिचा तिसरा हिस्सा.

साठवणही दांडगी. लायनेल स्टँडिंग यांनी 1973 मध्ये काही जणांना तब्बल 10,000 चित्रं दाखवली, प्रत्येक 5 सेकंद. नंतर एक पाहिलेलं आणि एक नवं अशी जोडी समोर ठेवली, तर ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा लोकांनी पाहिलेलं चित्र बरोबर उचललं. मावशीच्या डोक्यात ते धोंडे कसे टिकले, याचं मला आता नवल वाटत नाही.

घोडं अडतं ते नावापाशी.

दगडांनंतरचा फोटो एका जिन्याचा होता. लाकडी कठडा, वर लोंबणारा पिवळा दिवा. मावशीचा आवाजी निरोप आला: "अरे, पाहिलाय मी हा! दोघी बहिणी असतात, धाकटी घर सोडून जाते... 'क'वरून आहे नाव. तीन अक्षरी. थांबा, कुणी सांगू नका." कथा आली, पहिलं अक्षर आलं, नाव मात्र आलं नाही. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी 1966 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द विचारायचा. ज्यांच्या तो अगदी जिभेवर होता, त्यांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर आणि लांबी बरोबर सांगता आली. अर्थ एकीकडे आणि शब्दाचा आवाज दुसरीकडे, असा मेंदूतला कारभार असावा. पहिलं कपाट उघडतं, दुसऱ्याची किल्ली अडकते.

विशेषनामांचं तर विचारूच नका. एखादा गृहस्थ सुताराचं काम करतो असं सांगितलं, तर रंधा, भुसा, लाकडाचा वास, सगळं त्याला चिकटतं. त्याचं आडनाव सुतार आहे असं सांगितलं, तर काहीच चिकटत नाही. 1987 च्या एका ब्रिटिश प्रयोगात तोच शब्द धंदा म्हणून लोकांच्या जास्त लक्षात राहिला, आडनाव म्हणून कमी. चित्रपटाचं नावही बऱ्याचदा असंच वरून डकवलेलं असतं. जिना पाहून ते सुचावं असं त्या जिन्यात काही नसतं.

'फ्रेम्ड'मध्ये यावर सोय आहे. दोन-तीन अक्षरं टाइप केली की नावांची यादी खाली उघडते. आठवण्यापेक्षा ओळखणं केव्हाही सोपं, त्यामुळे यादीतलं नाव दिसताच "हाच की!" होतं. मला ही सरळ लबाडी वाटते, आणि मावशीलाही.

तिचा निरोप सोमवारी पहाटे 5 वाजून 40 मिनिटांनी आला. फक्त नाव होतं, बरोबर तीन अक्षरांचं. 'क'वरून नव्हतं, 'ख'वरून होतं.