मॉन्टेलुकास्ट आणि थिओफायलिन: इनहेलरच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या दोन गोळ्या

इनहेलर चालू असूनही पहाटे खोकल्याने जाग येत असेल किंवा जिना चढताना छातीत घरघर होत असेल, तर डॉक्टर कधीकधी त्याच्या जोडीला मॉन्टेलुकास्ट किंवा थिओफायलिन ही गोळी देतात. दोन्ही ‘दम्याच्या गोळ्या’ म्हणूनच ओळखल्या जातात. त्यामुळे एक संपली तर दुसरी चालेल, असा समज सहज होतो आणि तो धोक्याचा आहे.

ॲलर्जी झाली की शरीरातील पेशींमधून ल्युकोट्रिन नावाची रसायने बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळे श्वासनलिकांना सूज येते, कफ वाढतो, स्नायू आवळले जातात. मॉन्टेलुकास्ट या रसायनांचा परिणाम रोखते. म्हणूनच दम्याबरोबर नाक सतत वाहत असेल, व्यायामाने धाप लागत असेल किंवा ॲस्पिरिनने त्रास उफाळत असेल, तर तिचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. प्रौढांना दिवसातून एकदा १० मिलिग्रॅम एवढाच तिचा साधा हिशेब असतो आणि त्यासाठी रक्ततपासणी लागत नाही.

थिओफायलिनचा हिशेब इतका सोपा नाही. १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून वेगळे केलेले हे द्रव्य कॅफीनच्याच कुळातले असून ते श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करते. मात्र गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. रक्तातील पातळी दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेली की मळमळ, उलट्या, धडधड, हृदयाचे ठोके अनियमित होणे, अगदी झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शिवाय मात्रा न बदलताही ही पातळी चढते: सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके सुरू झाली, यकृत बिघडले किंवा दीर्घकाळ ताप राहिला, तर औषध शरीरात साचू लागते. धूम्रपानामुळे ते लवकर बाहेर टाकले जाते. म्हणून सिगारेट सोडणाऱ्या रुग्णाने, म्हणजे अतिशय चांगला निर्णय घेणाऱ्यानेच, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. सावकाश विरघळणारी गोळी कुस्करून किंवा चावून खाऊ नये, कारण त्यामुळे सगळे औषध एकदम रक्तात उतरू शकते.

मॉन्टेलुकास्ट तुलनेने सौम्य असली तरी निर्धोक नाही. भयानक स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार यांमुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मूल अचानक झोपेत किंचाळून उठू लागले किंवा विनाकारण आक्रमक झाले, तर त्याला हट्टी न ठरवता गोळीचा विचार आधी करावा आणि लगेच डॉक्टरांशी बोलावे.

परिणामकारकतेत दोन्ही गोळ्या स्टेरॉइड आणि दीर्घकाळ श्वासनलिका रुंद ठेवणारे औषध असलेल्या एकत्रित इनहेलरच्या मागेच आहेत आणि जागतिक मार्गदर्शक सूचना थिओफायलिनचा सरसकट वापर टाळायला सांगतात. म्हणून माझ्या मते, गोळी वाढवण्याआधी रुग्णाने डॉक्टरांसमोर इनहेलर घेऊन दाखवावा. कळ दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ चुकला, तर बरेचसे औषध जिभेवर आणि घशातच बसते आणि दमा आटोक्यात न येण्याचे कारण तिथेच सापडू शकते. अचानक धाप लागल्यावर मात्र यांतील कोणतीही गोळी शोधत बसू नये. त्या वेळी तातडीचा इनहेलरच घ्यावा आणि त्यानेही आराम पडला नाही तर रुग्णालय गाठावे.